‘घरच्या घरीच तर करता नं, काकू!’ : पन्नाशीत धंदा सुरू करणाऱ्या नागपूरकरणींसाठी

मूगवड्यांचं पहिलं पाकीट मी ज्या बाईला विकलं, तिनं पर्समधून पैसे काढता काढता विचारलं, "एवढे काहून घेऊन राहिल्या? घरच्या घरीच तर करता नं, काकू!" मी ओशाळले आणि वीस रुपये कमी केले. तेव्हा मी ५२ वर्षांची होते. दोन मुलांची लग्नं आणि सासूबाईंचं चार वर्षांचं आजारपण निभावलेली बाई वीस रुपयांच्या गोष्टीवर मान खाली घालते. तिच्या वेळेला भाव असतो, हे तिला कधी कुणी सांगितलेलं नसतं आणि तिनंही स्वतःला सांगितलेलं नसतं.

त्याला सहा वर्षं झाली. मानेवाड्याच्या घरातून मसाले आणि वाळवणाचं काम चालू आहे. या काळात ओळखीच्या दहा-बारा जणींनी काही ना काही सुरू केलं. निम्म्या टिकल्या, निम्म्यांनी दुसऱ्या दिवाळीपर्यंत काम बंद केलं. हाताला चव नाही म्हणून त्यांच्यातली एकही थांबली नाही. कुणाचा हिशोब चुकला, कुणाचे कागद नवऱ्याच्या नाही तर मुलाच्या नावावर राहिले, कुणाचे गुडघे गेले. म्हणून हा लेख पाककृतीचा नाही. पहिल्या वर्षात काय, कोणत्या क्रमानं करायचं, एवढंच यात आहे.

पायरी १ : पंधरा दिवस फक्त वही

कढई चढवायच्या आधी एक वही घ्या. पंधरा दिवस, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, दर तासाला काय केलं ते दोन शब्दांत लिहा. ‘डबे’, ‘दूधवाला’, ‘आईंच्या गोळ्या’, ‘नात झोपवली’. कंटाळवाणं काम आहे, पण याच्याशिवाय पुढचं सगळं हवेत राहतं.

मला वाटायचं, मुलं बाहेरगावी गेली, आता दिवस रिकामाच आहे. वहीत सलग मोकळा वेळ निघाला तीन तास. बाकी सगळा वेळ वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत. तुकड्यांत मसाला भाजता येत नाही. खसखस करपायला अर्धं मिनिट पुरतं आणि दारावरची बेल तेवढ्यातच वाजते.

रोज सलग तीन तास आणि एक दिवस सुट्टी धरली तर आठवड्याचे अठरा तास. त्या अठरा तासांत मावेल तोच आपला धंदा. नागपुरात आणखी एक वजाबाकी करावी लागते. एप्रिल-मे महिन्यात दुपारी बारा ते पाच शेगडीपुढे उभं राहता येत नाही. कूलर लावला तर हवेनं गॅस फडफडतो, बंद ठेवला तर आपणच भाजून निघतो. उन्हाळ्यातली भाजणी सकाळी आठच्या आत संपली पाहिजे, असं धरून वेळापत्रक बसवा.

वही भरली की ती घरच्यांपुढे ठेवा. परवानगी मागायला नाही, सांगायला. "दहा ते एक मी कामावर आहे," हे वाक्य घरात राहूनच म्हणायचं असतं, म्हणून ते जास्त कठीण जातं. आमच्याकडे निवृत्त झालेल्या माणसाला साडेअकराला चहा लागतो. पहिले दोन महिने मी उठून करत होते. मग थर्मास घेतला. धंद्यातली माझी पहिली खरेदी तीच, आणि आजही सगळ्यांत फायद्याची.

पायरी २ : काय विकायचं

लोक म्हणतात, जे आवडतं ते करा. मी म्हणते, जे दहादा केलं तरी दहाही वेळा सारखंच उतरतं ते करा. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं ते पहिल्या पाकिटाची चव शोधत. ‘अंदाजानं’ करणारीचा हात कितीही चांगला असो, तिला आधी काट्यावर मोजून लिहून काढावं लागेल: धणे किती ग्रॅम, तेल किती मिलिलिटर, आच किती मिनिटं.

दुसरी कसोटी टिकण्याची. सांबारवडी आणि पाटोडीला नागपुरात मागणी आहेच. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) पण ताजा माल त्याच दिवशी खपला नाही तर तोटाही त्याच दिवशी. डब्याचं तसंच. मेडिकल चौकाच्या आसपास पेशंटचे नातेवाईक असतात, शहरभर शिकायला आलेली पोरं असतात, डबा चालतो यात शंका नाही. पण डब्याला सुट्टी नसते. घरात कुणी आजारी असेल, वर्षातून दोनदा बाळंतपणं आणि लग्नं काढायची असतील, तर पन्नाशीत डब्याच्या वाटेला जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. मसाले, वाळवण, लोणची, चिवडा, पिठं हा माल आपण आठ दिवस आजारी पडलो तरी खराब होत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे आपल्या भागाचा माल. याचा फायदा आपण पुरेसा घेत नाही. भिवापूरच्या मिरचीला, वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला आणि नागपूरच्या संत्र्याला भौगोलिक मानांकन आहे. काळ्या मसाल्यात भिवापुरी मिरची आणि वायगावची हळद असेल तर ते सांगण्यासारखं आहे. मात्र खरी भिवापुरी कमी पिकते आणि तिच्या नावानं दुसरीच मिरची विकणारेही भेटतात. शक्य असेल तर शेतकऱ्याकडून किंवा त्यांच्या गटाकडून घ्या, पावती जपा, आणि खात्री नसेल तर पाकिटावर ते नाव टाकू नका.

स्वयंपाकघराबाहेरचं काही करायचं असेल तरी दारं बंद नाहीत. आयुर्विमा महामंडळाची विमा सखी योजना डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. तिला दहावी पास आणि १८ ते ७० वय चालतं, आणि ठरलेलं काम पूर्ण केलं तर पहिली तीन वर्षं मासिक मानधन मिळतं: पहिल्या वर्षी ७ हजार, मग ६, मग ५. फक्त एक लक्षात घ्या, विमा विकणं म्हणजे नातेवाइकांना फोन करणं. ते जमत असेल तरच. शिक्षण अर्धवट राहिलं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, तिथे पन्नाशीतल्या विद्यार्थिनी नवलाच्या नाहीत. फॉल-पिको, शिकवणी, पाळणाघर यांना भांडवल कमी लागतं. खालचा हिशोब यातल्या प्रत्येकीला लागू आहे.

पायरी ३ : हिशोब, आणि त्यात स्वतःची मजुरी

इथे जरा थांबा, कारण घरचे धंदे बुडतात ते इथेच.

पाच किलो काळ्या मसाल्याचा एक घाणा घेऊ. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल धरले आहेत, तुम्ही तुमचे घाला. इतवारीच्या बाजारातून आणलेला माल २६०० रुपये, ऑटोचे १२०, गॅस ८०, दळणाचे २००, पन्नास पाकिटं आणि लेबलं ३००. एकूण ३३०० रुपये. भाजण्यात आणि दळण्यात घट येते, चक्कीत थोडा मसाला राहतोच. पाच किलोचे हाती आले ४.८ किलो, म्हणजे शंभर ग्रॅमची ४८ पाकिटं. एका पाकिटाला खर्च ६८ रुपये ७५ पैसे.

बहुतेक जणी इथे थांबतात. ६९ रुपये पडलं, ८० ला विकलं, अकरा रुपये सुटले, छान. ४८ पाकिटांचे ५४० रुपये.

आता वही उघडा. इतवारीत जाऊन येणं अडीच तास, निवडणं आणि उन्हात टाकणं दोन, भाजणं तीन, चक्कीवर दीड, भरणं-चिकटवणं तीन. बारा तास झाले. ५४० भागिले १२, तासाला ४५ रुपये. घरी स्वयंपाकाला बाई लावली तर तिला तासाला काय द्यावं लागेल, ते तुमच्या गल्लीत विचारून पाहा. त्यापेक्षा कमी दरानं तुम्ही स्वतःला कामावर ठेवलं आहे, तेही न विचारता.

म्हणून मजुरी खर्चात धरा, नफ्यात नाही. तासाला ८० रुपये धरले तर बारा तासांचे ९६०. खर्च ४२६०, पाकिटाला ८८ रुपये ७५ पैसे. ही खरी किंमत. याच्या खाली विकलेलं प्रत्येक पाकीट म्हणजे तुम्ही गिऱ्हाइकाला दिलेली देणगी.

पुढे दुकान येतं. दुकानदार वीस टक्के ठेवतो असं धरू. पाकिटावर ११० छापले तर त्याचे २२ जाऊन तुमच्या हाती ८८ पडतात, म्हणजे पाऊण रुपया तोटा. १२५ छापले तर शंभर मिळतात आणि सव्वाअकरा रुपये नफा राहतो. त्यामुळे आज दुकानात देत नसलात तरी पहिल्या दिवसापासून दुकानाचं कमिशन पोटात धरून किंमत छापा. आधी ९० ला विकून नंतर १२५ केले की जुनी गिऱ्हाइकं दुखावतात. ओळखीच्यांना सूट द्यायचीच असेल तर छापील किमतीतून द्या आणि ती ‘सूट’ म्हणूनच द्या.

याच हिशोबात माझे सरगुंडे, आमच्याकडचं एक वाळवण, उघडे पडले. काडीवर एकेक वळून किलोभर करायला, वाळवायला आणि भरायला पाच तास लागायचे. विकायचे १८० रुपयांना, माल आणि पाकीट मिळून नव्वद. उरले नव्वद, म्हणजे तासाला अठरा रुपये. नागपुरातल्या जुन्या घरांतून त्यांचं एवढं कौतुक व्हायचं की मला हा भागाकार करायचा धीरच होत नव्हता.

आणि ‘घरच्या घरीच तर करता नं’ याला उत्तर? वाद घालू नका. "हो, घरीच करते, म्हणून ताजं असतं. शंभर ग्रॅम १२५," एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यांत कठीण. मला त्याला वर्ष लागलं.

पायरी ४ : अनोळखी तीस माणसं

पहिला घाणा बहीण, वहिनी आणि भिशीतल्या मैत्रिणी घेतात. तो धरू नका, त्यांनी तुम्हाला घेतलंय, मसाल्याला नाही. तीस अनोळखी माणसांनी पूर्ण किंमत मोजून घेतलं आणि त्यातल्या आठ-दहा जणांनी महिन्याभरात पुन्हा मागितलं, तर धंदा आहे असं मी धरते. तोवर मिक्सर, सीलिंग मशीन, छापील पिशव्या, काही घेऊ नका. साध्या पिशव्या आणि घरातला मिक्सर पुरतो.

ही माणसं भेटतात प्रदर्शनांत, सोसायट्यांच्या गणपतीत, नवरात्रीतल्या मेळाव्यांत. स्टॉल घेण्याआधी भाडं भागिले पाकिटामागचा नफा हा भागाकार करा. स्टॉलवर दुकानाचं कमिशन जात नाही, म्हणून १२५ च्या पाकिटामागे सव्वाछत्तीस रुपये राहतात; तरी दिवसाचे हजार रुपये भाडं असेल तर फक्त भाडं निघायला २८ पाकिटं विकावी लागतात. प्रदर्शनात विक्री कमी झाली तरी फोन नंबर गोळा झाले तर मी ते वाया गेलं म्हणत नाही, पण मग भाडं जाहिरातीच्या खर्चात लिहायचं.

नागपूरचं वर्ष ओळखून ठेवा. मार्च ते मे वाळवण आणि वर्षाचा मसाला, पोळा झाला की सणांची रांग, दिवाळीला फराळ, डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाच्या निमित्तानं बाहेरगावची माणसं. जून ते ऑगस्ट हातावर हात. मुंबईत १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्यांचं पुढे लिज्जत झालं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून त्यांना चार महिने काम बंद ठेवावं लागलं आणि दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि शेगडीची सोय करून पापड वाळवले, ही गोष्ट मला जास्त उपयोगी वाटते. आपला पावसाळा कशावर काढायचा, ते मे महिन्यातच ठरवा. मी त्या दिवसांत मेतकूट, भाजणी आणि चटण्या करते.

पायरी ५ : कागद, आणि ते तुमच्याच नावावर

मुलगा म्हणतो, "आई, तुला कशाला त्रास, माझ्या नावावर काढून टाकतो." प्रेमानंच म्हणतो. नको म्हणा. आज नोंदणी त्याच्या नावावर, उद्या त्याची बदली हैदराबादला, आणि परवा बँक विचारते धंदा कुणाचा. माझ्या एका मैत्रिणीचे तीन वर्षांचे सगळे पैसे मुलाच्या क्यूआर कोडवर जमा झाले. कर्ज मागायला गेली तेव्हा कागदोपत्री तिची कमाई शून्य होती.

तर क्रम असा. पॅन आणि आधारवरचं नाव सारखं आहे का पाहा. माहेरचं, सासरचं, मधलं नाव, सगळा गोंधळ असतो. तो आधी निस्तरा, नाही तर पुढे प्रत्येक ठिकाणी अडकाल. मग तुमच्या एकटीच्या नावाचं बँक खातं, नवऱ्याबरोबरचं जोडखातं नाही, आणि त्याला जोडलेला तुमचाच मोबाइल नंबर.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधारवर, ऑनलाइन, आणि पूर्ण मोफत होते. १ जुलै २०२० पासून ही पद्धत आहे. पैसे मागणाऱ्या हुबेहूब दिसणाऱ्या वेबसाइट्स बऱ्याच आहेत, सरकारी पत्ता ‘डॉट गव्ह डॉट इन’नं संपतो का ते बघा.

खाण्याचा पदार्थ विकायचा तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवीच, घरून केलं तरी. छोट्या उत्पादकाला परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. २०११ च्या नियमांनी त्यासाठी वार्षिक १२ लाखांच्या उलाढालीची मर्यादा धरली होती आणि फी वर्षाला १०० रुपये. अर्ज करताना पोर्टलवरची चालू मर्यादा आणि फी वाचून घ्या. फॉस्कॉस या पोर्टलवर अर्ज ‘अ’ भरायचा: फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा, काय बनवता त्याची यादी. हे काम करून द्यायला एजंट दीड-दोन हजार मागतात. घरातल्या कॉलेजच्या पोराला शेजारी बसवलं तर एका दुपारचं काम आहे. मिळालेला चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा.

दुकानं-आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यानं कामगार मोजकेच असतील तर परवाना नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. त्याची पावती आणि उद्यमचं प्रमाणपत्र चालू खातं उघडताना कामी येतं. जीएसटी मालासाठी वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, पण राज्याबाहेर माल विकायचा असेल तर ही सवलत चालत नाही. छिंदवाडा किंवा रायपूरच्या दुकानात माल ठेवण्याआधी सीएला विचारा. नागपूरकरांना तिकडची ओळख निघायला वेळ लागत नाही, म्हणून सांगितलं.

लेबलवर चुका खूप होतात. पदार्थाचं नाव, वजनाच्या उतरत्या क्रमानं घटक, हिरवं शाकाहारी चिन्ह, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, बनवल्याची आणि वापरण्याची अंतिम तारीख, सर्व करांसह किंमत, नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, एफएसएसएआयचं चिन्ह आणि क्रमांक. बंधनकारक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा, सोबत मराठी अवश्य छापा. ‘शुगरवर गुणकारी’ असलं काही लिहू नका, अडचणीत याल. वजनकाटा वैधमापन खात्याकडून पडताळलेला असावा. स्वयंपाकघरातला चारशे रुपयांचा काटा प्रयोगापुरता ठीक, विक्रीला नाही.

नावाचा ट्रेडमार्क पहिल्या वर्षी घेऊ नका. टिकलात तर घ्या. व्यक्तीसाठी आणि छोट्या उद्योगासाठी ऑनलाइन फी ४५०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ९०००.

पायरी ६ : पैसा कुठून

पहिले सहा महिने कर्ज नको. बुडाले तरी रात्रीची झोप उडणार नाही एवढी रक्कम बाजूला काढा, मी पंधरा हजार काढले होते, आणि ती संपेपर्यंत नवीन घालायचे नाहीत. नवऱ्याच्या ग्रॅच्युइटीला हात लावू नका. स्वतःच्या पाटल्यांनाही नाही. "धंद्यासाठीच तर ठेवते" म्हणून गहाण गेलेल्या पाटल्या मी परत आलेल्या कमी पाहिल्यात.

सहा महिन्यांची विक्री वहीत आणि बँकेत दिसायला लागली की कर्जाचं बोलू. घर बहुधा नवऱ्याच्या नावावर असतं आणि आपल्या नावावर कधी साधं क्रेडिट कार्डही नसतं. बँकेच्या भाषेत आपला इतिहासच नसतो. अशा वेळी मुद्रा योजना बरी, तिला तारण लागत नाही. शिशू गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, तरुणमध्ये १० लाखांपर्यंत. नावावर जाऊ नका, पंचावन्न वर्षांच्या बाईला ‘शिशू’ कर्ज मिळतं. मॅनेजरसमोर मी हसले होते, तोही हसला. पण लक्षात ठेवा, मुद्रा हे कर्ज आहे, अनुदान नाही.

अनुदान हवं तर २००८ पासूनचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम पाहा. १८ वर्षं पूर्ण हवीत, वरच्या वयाची अट नाही, हे आपल्यासाठी महत्त्वाचं. महिलांना शहरी भागात प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान, स्वतःचा वाटा ५ टक्के. नवीन उद्योगालाच मिळतं, म्हणून आधीच मोठं युनिट टाकून बसलेल्यांना उपयोग नाही. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली आलेल्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, असं कर्जाशी जोडलेलं अनुदान ठेवलं आहे, आणि बचत गटातल्या सदस्याला खेळत्या भांडवलासाठी ४० हजारांपर्यंत. या योजनांच्या मुदती वाढत-बदलत असतात. चालू वर्षाचे अर्ज घेताहेत का, हे सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनातल्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. सेमिनरी हिल्सला केंद्राचं एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कार्यालय आहे. विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनची महिला उद्योजकांची शाखाही सिव्हिल लाइन्सलाच भेटेल. एका सकाळी दोन ठिकाणं होतात. सोबत वही न्या, ती पाहिली की समोरच्याचा सूर बदलतो.

आयकर विवरणपत्र पहिल्या वर्षापासून भरा, कर शून्य असला तरी. छोट्या धंद्याला अनुमानित उत्पन्नाची सोय आहे: बँकेतून आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के, रोखीच्या विक्रीवर ८ टक्के नफा धरायचा, हिशोबाची मोठी खातेवही लागत नाही. दोन वर्षांची विवरणपत्रं हातात असली की बँकेत खुर्ची मिळते.

पायरी ७ : फोन आणि उधारी

व्हॉट्सॲपचं बिझनेस खातं, त्यात फोटो, वजन, किंमत. तेवढं पुरे. रोज ‘सुप्रभात’ पाठवू नका, लोक नंबर बंद करतात. घाणा निघाला की महिन्यातून दोनदा सांगा.

फसवणूक मात्र नीट समजून घ्या. "मी फौजी आहे, कामठीच्या छावणीत वीस किलो माल पाहिजे, ॲडव्हान्स पाठवतो, कोड स्कॅन करा." असा फोन मला पहिल्याच वर्षी आला. पैसे घ्यायला कधीही पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्याकडून जाणार. चूक झालीच तर लाजून बसू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी.

उधारीत माझे साडेसहा हजार एका दुकानात दोन वर्षं अडकले होते. दर वेळी "काकू, पुढच्या आठवड्यात या नं." तेव्हा कायदा माहीत नव्हता. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं माल घेणाऱ्या दुकानदाराला, सूक्ष्म उद्योगाशी लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. नाही दिले तर व्याज, आणि ऑनलाइन तक्रारीची सोय. त्यासाठी उद्यम नोंदणी आणि सही असलेलं बिल हवं. माझ्याकडे होती चिठ्ठी, तीही त्यांच्या पेननं माझ्याच हातची. आता नियम साधा आहे: पहिला माल रोखीनं, दुसरा पंधरा दिवसांनी, आधीचे पैसे आल्याशिवाय तिसरा नाही.

शरीर

हा भाग खरं तर पहिल्या पायरीत यायला हवा होता. ओट्यावर एका जागी तीन तास उभं राहू नका, उंच स्टूल घ्या. जमिनीवर मांडी घालून पाकिटं भरणं विसाव्या वर्षी ठीक होतं. दहा किलोचा डबा एकटीनं उचलायचा नाही, पाच-पाचचे दोन घ्या. शुगर, थायरॉइड, हिमोग्लोबिन सुरुवातीलाच तपासून घ्या. मला पहिला हिवाळा सारखा थकवा यायचा, मला वाटायचं धंदा झेपत नाही. हिमोग्लोबिन नऊ होतं.

विक्री महिन्याला शंभर पाकिटांच्या वर गेली की मदतीला बाई ठेवा आणि तिची मजुरी आधीच धरलेल्या ९६० मधून द्या. म्हणून तर ती धरायची होती. मजुरी न धरता किंमत ठरवलेली असली की मदतनीस ठेवणं परवडत नाही, आणि मग सगळं आपल्याच पाठीवर.

थांबायचं कधी

हे कुणी सांगत नाही. दर ३१ मार्चला प्रत्येक पदार्थापुढे दोन आकडे लिहा: वर्षात किती तास गेले आणि तासाला किती मिळाले. तुम्ही ठरवलेल्या दराच्या निम्म्याहून कमी मिळत असेल तर त्या पदार्थाला एक हंगाम द्या, किंमत वाढवून पाहा. तरीही नाही जमलं तर तो पदार्थ बंद. धंदा बंद नाही.

सरगुंड्यांना मी तो एक हंगाम दिला. किलोला ४५० रुपये छापले. अकरा किलो गेले, तेही ओळखीत. गेल्या वर्षीपासून यादीतून काढलेत. मे महिन्यात नागपूरला आलात आणि घरी आलात तर आमरसासोबत ताटात मिळतील, विकत नाही.